सेकंड हँड डिझेल एसयूव्ही: गाडीचा भाव उतरतो, पार्टचा नाही

सहा-सात लाखांत आज नवीन वॅगनआर येते आणि तेवढ्याच पैशांत सात-आठ वर्षं वापरलेली एक्सयूव्ही ५०० सुद्धा येते. घरात माणसं सहा, गावाकडचा रस्ता खराब, गणपतीला आणि मे महिन्यात कोकणात उतरायचं. अशा कुटुंबाचं मन मोठ्या गाडीकडे ओढलं गेलं तर त्यात नवल नाही. नीट पारखून घेतली तर ती पुढची पाच-सहा वर्षं उत्तम साथ देते, असं माझं मत आहे. पण व्यवहाराच्या वेळी एक हिशेब बहुतेकांकडून राहून जातो.

एक्सयूव्ही ५०० महिंद्राने २०११ मध्ये आणली आणि तिचं उत्पादन चाकणच्या कारखान्यात झालं. वरच्या श्रेणीची गाडी नवीन असताना रस्त्यावर येईपर्यंत सतरा-अठरा लाखांना पडायची. आज तीच सहा लाखांना मिळते, म्हणजे भाव एक तृतीयांशावर आला. तिच्या टर्बोचा, क्लचचा, हेडलाइटचा भाव मात्र एक तृतीयांश झालेला नाही. काउंटरवरचा माणूस पार्ट देताना तुम्ही गाडी कितीला घेतली हे विचारत नाही. तो अठरा लाखांच्या गाडीचा पार्ट अठरा लाखांच्या गाडीच्याच भावाने देतो, आणि दरवर्षी तो भाव थोडा चढतोच. त्यामुळे सहा लाखांच्या गाडीत एका मोठ्या कामाला साठ हजार गेले तर एका फटक्यात खरेदीच्या किमतीचा दहावा हिस्सा गेला. नवीन वॅगनआरमध्ये एवढं मोठं काम पहिल्या पाच वर्षांत सहसा निघत नाही.

म्हणून सेकंड हँड एसयूव्हीचं बजेट दोन भागांत करावं: एक गाडीची किंमत आणि दुसरी पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम. माझ्या मते ही रक्कम किमतीच्या १५ ते २० टक्के हवी. सात लाख हातात असतील तर गाडी पावणेसहा-सहा लाखांपर्यंतचीच बघायची. सगळे सात लाख गाडीत घातले आणि तिसऱ्या महिन्यात क्लच गेला तर माणूस स्वस्तातला डुप्लिकेट पार्ट टाकतो, तो वर्षभरात पुन्हा जातो, आणि मग चांगली गाडीसुद्धा 'कटकटीची' ठरते.

पुढे जे आकडे देतो आहे ते चांगल्या खासगी गॅरेजचे ढोबळ आकडे आहेत. मॉडेलप्रमाणे आणि गावाप्रमाणे ते बदलतात. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तेच काम अनेकदा दीडपट ते दुप्पट पडतं.

आधी मीटरचं बोलू

नवीन डिझेल गाडी घेणारा माणूस हिशेब करूनच घेतो. पेट्रोलपेक्षा लाख-दीड लाख जास्त मोजायचे तर रनिंगही तेवढं हवं. त्यामुळे आठ वर्षांची डिझेल एसयूव्ही ८० हजार ते दीड लाख किलोमीटर चाललेली असणं हेच साहजिक आहे. 'नऊ वर्षांची गाडी, फक्त ४२ हजार चाललीय, डॉक्टरांची होती' असं कुणी म्हणालं तर आनंदून न जाता कागद मागावा. अशा खरोखर कमी चाललेल्या गाड्या असतात, पण त्यांच्याकडे सर्व्हिसची बिलं असतात आणि प्रत्येक बिलावर किलोमीटर छापलेले असतात. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडीच्या नंबरवरून सगळा इतिहास निघतो. मालकाला सोबत नेलं किंवा त्याला फोन करायला लावला तर पंधरा मिनिटांचं काम आहे. मालक याला तयार नसेल तर पुढे जाऊ नये.

मीटर मागे घेणं आज लॅपटॉपवरचं काम झालं आहे, पण गाडीची झीज मागे घेता येत नाही. ब्रेक आणि क्लच पेडलचे रबर, स्टिअरिंगवरची हाताने चकचकीत झालेली जागा, ड्रायव्हर सीटची दाराकडची दबलेली कड, हे सगळं बोलतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे तो टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनला. २०१९ च्या गाडीचं मीटर ३५ हजार दाखवतंय आणि चारही टायर २०२२ चे आहेत, तर पहिला सेट कुठे गेला? एसयूव्हीचे टायर साधारण ४५-५० हजार किलोमीटर सहज जातात. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, बघायला विसरू नका. तो बहुधा गाडीबरोबर आलेला असतो आणि त्यावरून गाडीचं खरं वय जुळवता येतं.

इंजिनमध्ये पैसे कुठे जातात

आजच्या डिझेल इंजिनात डिझेल साधारण १,६०० ते २,००० बार दाबाने सिलिंडरमध्ये फवारलं जातं. गाडीच्या टायरमध्ये हवा असते ती सव्वादोन बारच्या आसपास. एवढा दाब पेलणारी यंत्रणा फार बारीक मापात बनवलेली असते, आणि डिझेलमध्ये थोडं पाणी किंवा कचरा गेला तरी तिला इजा होते. फवारणी करणारे इंजेक्टर, ज्यांना गॅरेजमध्ये सर्रास नोझल म्हणतात, चार असतात. एक नवीन इंजेक्टर गाडीप्रमाणे १५ ते २५ हजारांपर्यंत जातो. दुरुस्ती होते, ती स्वस्तही पडते, पण ती टेस्ट बेंच असलेल्या डिझेल लॅबमध्येच करावी. इंजेक्टर खराब असले की सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, गाडी थरथरते, मागून काळा धूर येतो. घेण्याआधी मिस्त्रीकडून 'रिटर्न टेस्ट' करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी छोट्या बाटलीत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं चालवतात. चारही बाटल्यांत डिझेल सारख्या पातळीला हवं. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे.

मग टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल उशिरा बदललं, भलत्या ग्रेडचं टाकलं, किंवा आंबा घाट चढून वर आल्या आल्या चावी बंद केली की तो थर जळतो आणि बेअरिंग झिजतं. टर्बोची हलकी शिट्टी स्वाभाविक आहे. ती सायरनसारखी वाढली, चढावर गाडी ओढेना, किंवा उतारावरून येऊन पुन्हा रेस दिल्यावर निळसर धूर आला तर टर्बोचं काम जवळ आलं आहे. आतला गाभा बदलून १५ ते २५ हजारांत भागतं. नवीन टर्बो ४० हजारांपासून वर जातो, मोठ्या गाड्यांत बराच वर.

धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा इजीआर व्हॉल्व्ह काजळीने चोंदतो. तो साफ करायला दोन-चार हजार लागतात. त्यासाठी गाडी सोडायची गरज नाही.

टायमिंग बेल्टवर मात्र मी अडून बसेन. इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची लय जुळवणारा दुवा काही इंजिनांत साखळीचा असतो, काहींत रबरी पट्ट्याचा. एक्सयूव्ही आणि स्कॉर्पिओचं २.२ लिटर एमहॉक, क्रेटाचं १.६ सीआरडीआय, जुन्या ब्रेझाचं १.३ डीडीआयएस यांत साखळी आहे. डस्टरचं १.५ डीसीआय, इकोस्पोर्टचं १.५ टीडीसीआय, कंपास-हॅरिअर-हेक्टरचं २.० लिटर डिझेल आणि जुन्या फॉर्च्युनरचं ३.० लिटर डी-फोरडी यांत बेल्ट आहे. बेल्ट असणं हा दोष नाही. तो ठरलेल्या वेळी बदलायचा असतो, एवढंच. टेन्शनर आणि वॉटर पंपासकट हे काम साधारण १० ते २० हजारांत होतं. नाही बदलला आणि चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात, हेड उतरवावं लागतं आणि बिल लाखाच्या घरात जातं.

यात एक खाच आहे. रबर किलोमीटरने झिजतं तसं वयानेही कडक होतं. कंपनीचं वेळापत्रक बहुधा 'इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते' असं असतं. २०१६ ची डस्टर ५५ हजार चालली असेल तर विकणारा खऱ्या मनाने म्हणतो, 'अजून बेल्टचे किलोमीटर झालेच नाहीत.' किलोमीटर झाले नसतील, वर्षं झाली आहेत. बेल्ट बदलल्याचं बिल हातात नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं, किमतीतून ती रक्कम वजा करायची आणि गाडी ताब्यात आल्यावर आधी गॅरेजला न्यायची.

घाटात गेलेला क्लच

दीड-पावणेदोन टन वजनाची गाडी, भरलेली माणसं, कशेडी किंवा वरंध घाट, पुढे एसटी आणि मागे ट्रक. अशा ठिकाणी अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवायची सवय अनेकांना असते, आणि क्लच प्लेट तिथेच जळते. तपासायला सोपं आहे. मोकळ्या रस्त्यावर ४०च्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये टाकून पूर्ण रेस द्या. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग जागेवरच राहिला तर क्लच घसरतो आहे.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा सेट मजुरीसकट १२ ते २० हजारांत बसतो. मात्र अनेक आधुनिक डिझेल एसयूव्हींत फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते इंजिनचं जड चाक, साधं नसतं, दोन थरांचं असतं. मधल्या स्प्रिंगा डिझेल इंजिनचे हादरे गिळतात, म्हणून गाडी आत शांत वाटते. त्या स्प्रिंगा थकल्या की इंजिन बंद करताना धाडकन धक्का बसतो आणि आयडलिंगला खालून खडखड ऐकू येते. हे फ्लायव्हीलही बदलायची वेळ आली तर तेच काम ३५ ते ६० हजारांवर जातं. म्हणून 'क्लच थोडा हार्ड आहे, तीन-चार हजारांत होईल' हे विकणाऱ्याचं वाक्य कधीच गृहीत धरू नका. मिस्त्रीला बसवून फेरी मारा आणि त्याचा आकडा ऐका.

सस्पेन्शनचं थोडक्यात सांगतो. खिडक्या खाली करून गाडी स्पीडब्रेकरवरून अगदी हळू न्या. खटखट आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश गेलेत. स्टिअरिंग वळवताना आली तर स्टिअरिंग रॅक बघायला हवा. बुश, बॉल जॉइंट, पुढचे शॉकअप मिळून २० ते ४० हजार लागतात. आपल्या रस्त्यांवर हे काम सगळ्याच गाड्यांना निघतं. ते भावात वळतं करून घ्यावं आणि पुढे जावं. टायरही तसेच: २३५/६५ आर १७ मापाचे चार चांगले टायर ४० ते ५५ हजारांच्या घरात जातात.

ऑटोमॅटिक असेल तर

ऑटोमॅटिक हा एकच प्रकार नाही. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी ऑइलमधून जोर पोचवणारा, हा जुना, दणकट प्रकार. क्रेटाच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्ये तो आहे. ठरलेल्या वेळी गिअरबॉक्स ऑइल बदललं असेल तर दीड लाख किलोमीटरची गाडीही घ्यायला हरकत नाही. 'हे ऑइल आयुष्यभर बदलायचं नसतं' असं कुणी सांगितलं तर मानू नका.

कोरड्या ड्युअल क्लचच्या, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेले दोन क्लच असलेल्या गिअरबॉक्सला आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये फार त्रास होतो. इंच-इंच पुढे सरकताना क्लच सतत घसरत राहतात आणि तापतात. पहिल्या पिढीच्या पेट्रोल इकोस्पोर्टमध्ये असा सहा गिअरचा पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स होता. त्याच घराण्यातल्या गिअरबॉक्सवरून अमेरिकेत फिएस्टा आणि फोकसच्या मालकांनी फोर्डवर सामूहिक दावा केला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये त्याच प्रकरणातल्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. २०१७ च्या शेवटी आलेल्या नव्या इकोस्पोर्टमध्ये फोर्डने तो बदलून टॉर्क कन्व्हर्टर दिला. म्हणून 'इकोस्पोर्ट ऑटोमॅटिक' एवढं ऐकून थांबू नका, साल बघा. कुठल्याही ड्युअल क्लच गाडीत क्लचचा संच आणि त्याचं नियंत्रण करणारं युनिट दोन्ही गेले तर खर्च लाखाच्या पुढे जातो. टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. अर्धा तास ट्रॅफिकमध्ये घ्या, गिअरबॉक्स तापू द्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमधले झटके तेव्हाच कळतात.

बीएस ६ आणि डीपीएफ

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाचं फिल्टर आलं. चुलीच्या धुराड्याला बारीक जाळी लावावी तसं हे फिल्टर काजळी अडवतं. जाळी भरली की ती काजळी तिथल्या तिथे जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं. हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात गाडी चालली की हे आपोआप होतं. घर ते शाळा, शाळा ते भाजी मार्केट अशा तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत होत नाही. साफसफाई अर्धवट राहते, आणि त्यासाठी जादा फवारलेलं डिझेल अनेक इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

त्यामुळे बीएस ६ डिझेल बघताना डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, बाहेर काढा, पुसा, पुन्हा घाला आणि नीट बघा. ऑइल कमी असणं वाईट, हे सगळ्यांना माहीत असतं. इथे उलटं बघायचं आहे. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर चढलेली असेल आणि काडीला डिझेलचा वास येत असेल तर ती गाडी गावातल्या गावातच फिरली आहे. पातळ झालेलं ऑइल टर्बो आणि बेअरिंग दोघांनाही खातं. भरलेला फिल्टर वर्कशॉपमध्ये मशीन लावून साफ करता येतो. तो कामातून गेला असेल तर नवीन डीपीएफ लाखाच्या घरात पडतो. काही जण फिल्टर आतून फोडून आणि सॉफ्टवेअर बदलून 'कायमचा इलाज' करतात. तशी गाडी बेकायदा आहे आणि ती कुठल्याही भावाला घेऊ नये.

तुमचं रनिंग महिन्याला ५००-६०० किलोमीटर आणि तेही शहरातच असेल, तर बीएस ६ डिझेल तुमच्यासाठी नाहीच. पेट्रोल एसयूव्ही घ्या. मायलेज कमी मिळेल, पण वर लिहिलेल्या खर्चांपैकी निम्मे डोक्यावरून उतरतील.

कंपनी गेली, पार्टचं काय?

जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेवरोले विकणं थांबवलं आणि तळेगावचा कारखाना २०२० च्या शेवटी बंद केला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. जुनी डस्टर २०२२ मध्ये बंद झाली. या गाड्या त्यामुळे स्वस्त मिळतात, आणि त्यातल्या काही चालवायला फार चांगल्या आहेत.

इथे इंजिन आणि बॉडी वेगवेगळी बघावी. डस्टरचं १.५ डीसीआय इंजिन निसान टेरानो आणि सनीमध्येही होतं, महिंद्राच्या व्हेरिटोमध्येही होतं. ते ओळखणारे मिस्त्री गावोगाव आहेत आणि पार्ट मिळतात. फियाटचं १.३ मल्टिजेट स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत बसलं की त्याचा पार्ट तालुक्यालाही मिळतो. रांजणगावला बनणारं २.० लिटर इंजिन कंपास, हॅरिअर, सफारी आणि हेक्टरमध्ये आहे. अशा इंजिनांची काळजी नाही. अडतं ते काच, हेडलाइट, बंपर, दाराचं पॅनल आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांच्यासाठी. शेवरोले कॅप्टिव्हाचा हेडलाइट फुटला तर तो पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मालात शोधायची तयारी हवी. तुमच्या गावापासून पुणे-मुंबई तीनशे किलोमीटर असेल तर अशी गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

१२-१५ लाखांत मिळणाऱ्या जुन्या जर्मन एसयूव्हींनाही हाच नियम लागतो, दुपटीने.

पुरातली गाडी

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर अनेक दिवस पाण्यात होतं. त्या पाण्यात गेलेल्या गाड्यांपैकी काही भंगारात गेल्या, पण विमा कंपनीने 'टोटल लॉस' ठरवून लिलावात काढलेल्या बऱ्याच गाड्या सुकवून, धुऊन, पॉलिश करून पुन्हा बाजारात येतात. पाण्याने इंजिन एकवेळ वाचतं. वायरिंगचे जोड आणि सीटखालची मॉड्यूल आतून हिरवी पडत जातात, आणि बिघाड वर्षा-दोन वर्षांनी सुरू होतात: कधी एअरबॅगचा दिवा, कधी पॉवर विंडो, कधी अचानक बंद पडणारं इंजिन. असा बिघाड शोधणं हेच मोठं खर्चिक काम आहे, कारण मिस्त्री तासन् तास वायर तपासत बसतो.

ओळखायचं कसं? सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात न येणाऱ्या शेवटच्या फुटावर गढूळ पाण्याची रेघ राहिलेली असते. ड्रायव्हर सीट पूर्ण मागे घ्या आणि मोबाइलचा टॉर्च लावून रुळाच्या खाचेत बघा. तिथली गाळाची पूड कितीही धुतली तरी निघत नाही. सीटच्या बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर सीट का काढल्या होत्या ते विचारा. स्टेपनीच्या खड्ड्यातला पत्रा, डॅशबोर्डच्या खालचे उघडे स्क्रू आणि कार्पेटच्या खालचा फोम हाताने चाचपा. आठ वर्षांच्या गाडीत अगदी नवं कार्पेट आणि उग्र सेंट असेल तर जास्तच बारकाईने बघा.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या गाडीला खाऱ्या हवेचा त्रास असतो. ती रॅम्पवर चढवून चेसिस, सायलेन्सरचे जोड आणि ब्रेकचे पाइप बघितल्याशिवाय सौदा करू नये. दिल्लीच्या गाड्यांचं वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी लागू करायला लावली. पुढे तिच्या अंमलबजावणीत बदल झाले, पण तेव्हापासून तिथल्या सात-आठ वर्षांच्या एसयूव्ही स्वस्तात आपल्याकडे येऊ लागल्या. गाडी चांगली असू शकते. पण इथे नोंदणी करताना महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. खासगी डिझेल गाडीला तो मूळ किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के दराने आणि गाडीच्या वयानुसार घटवून लागतो. तो आकडा आरटीओतून काढून घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. अनेकदा स्वस्ताई तिथेच संपते.

बघायला जाताना

मालकाला आदल्या दिवशी सांगा की आम्ही सकाळी येतो, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा घेऊन दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू होताना जे लपत नाही ते गरम इंजिनात सहज लपतं.

चालू झाल्यावर मागे एकाला उभं करा. क्षणभराचा हलका धूर चालतो. निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय, हेड गॅस्केटचं काम. मग चालू इंजिनात ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. थोडी वाफ ठीक आहे. झाकण उडवेल अशा जोराने धूर भकाभका बाहेर येत असेल तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत आणि इंजिन उतरवायची वेळ जवळ आली आहे. अशा गाडीचा भाव करत बसू नये.

गाडीच्या संगणकाला जोडून बिघाड वाचणारा ओबीडी स्कॅनर हजार-दीड हजारात मिळतो, मिस्त्रीकडे त्याहून चांगला असतो. त्यावर फॉल्ट कोड दिसले तर बोलणी करता येतात. एकही कोड नाही म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. स्कॅनरवर 'रेडिनेस' नावाची यादी असते. गाडीच्या संगणकाने स्वतःच्या कोणकोणत्या तपासण्या पूर्ण केल्या ते त्यात दिसतं. बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या तर बहुधा आज सकाळीच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावली आहे.

मिस्त्री सोबत न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे दीड-दोन हजार द्या, गाडी घेतली नाही तरी. मिस्त्री शक्यतो त्याच मॉडेलवर हात बसलेला निवडा. विकणाऱ्याने सुचवलेला माणूस घेऊ नका.

त्याने सांगितलेली कामं तिथेच कागदावर मांडा. समजा सहा लाख सांगितलेली एक्सयूव्ही आहे. क्लच आणि फ्लायव्हील ५० हजार, पुढचं सस्पेन्शन २५ हजार, दोन टायर २५ हजार, सगळी ऑइलं, फिल्टर आणि कूलंट १५ हजार, बॅटरी ८ हजार. झाले १ लाख २३ हजार. यातलं क्लच आणि सस्पेन्शन विकणाऱ्याने भावात सोडावं, टायर निम्मे-निम्मे, ऑइल-फिल्टर-बॅटरी तुमच्याकडे. हे मागणं रास्त आहे आणि कागद समोर असला की समजूतदार माणूस ऐकतो. एक अट मात्र ठेवा: 'गाडी घ्या, काम मी करून देतो' याला हो म्हणू नका. काम तुमच्या मिस्त्रीकडे, तुमच्या डोळ्यांसमोर आणि ओरिजिनल पार्ट टाकून व्हायला हवं.

कागदपत्रांत या गोष्टी: आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरप्लेट बसवली आहे का बघा. थकलेली ई-चलनं गाडीच्या नंबरवरून तपासा. विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते, तीही बजेटमध्ये धरा. आणि चावी हातात घेताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे आदल्या रात्रीच्या चलनाचा वाद उद्भवला तर कागद तुमच्या बाजूने असेल.